एकशे अकरा मीटर

मागच्या महिन्यात आमच्या सायकलच्या ग्रुपवर एकाने जीपीएक्स फाईल टाकली. दक्षिण इटलीतली वाट, पेस्कासेरोली ते कान्देला, २११ किलोमीटर. माउंटन बाइकने जा, नाहीतर घोड्यावरून जा. खाली तीन वाक्यं: अनटच्ड नेचर. झीरो ट्रॅफिक. मस्ट डू. त्यावर आगीचे इमोजी पडले, 'बकेट लिस्ट' झालं, 'व्हिसा कोण काढतंय' झालं आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सगळे विसरले.

मी विसरलो नाही, कारण त्या वाटेचा सेपीनो ते बोयानो हा जेमतेम एका दिवसाचा तुकडा मी गेल्या मे महिन्यात चालवून आलोय. ऑफिसने चार महिने रोमला पाठवलं होतं, त्यातला एक शनिवार-रविवार सत्कारणी लावला. तर त्या तीन वाक्यांतलं पहिलं धादांत खोटं आहे, दुसरं अर्धवट आहे, तिसरं मला मान्य आहे. पण सगळ्यांत मोठा खोटेपणा त्या वाक्यांत नाही. तो फाईलमध्येच आहे. ग्रुपवर भांडण नको म्हणून तेव्हा गप्प बसलो. इथे बसणार नाही.

आधी ती वाट म्हणजे काय ते. इटालियनमध्ये तिला त्रात्तूरो म्हणतात. (आपल्या तट्टूशी काही संबंध नाही, मी शोधून पाहिलं. असता तर लेख फार झकास झाला असता.) आब्रुत्सोच्या डोंगरांत उन्हाळ्यात गवत असतं आणि हिवाळ्यात बर्फ. पूल्याच्या ताव्होलिएरे नावाच्या मैदानात हिवाळ्यात गवत असतं आणि उन्हाळ्यात सगळं भाजून निघतं. मग मेंढरं काय करणार? थंडीच्या तोंडावर खाली, मे महिन्यात परत वर. दोन आठवड्यांच्या आसपासची चाल, शेकडो वर्षं, वर्षातून दोनदा.

१४४७ साली नापोलीचा राजा आल्फोन्सो याने या जा-येवर सरकारी खातं बसवलं. नाव मेंढ्यांची दोगाना, म्हणजे मेंढ्यांचं जकात खातं म्हणा. कचेरी आधी लुचेराला होती, १४६८ पासून फोज्जाला. मेंढपाळाने डोकीमागे पैसे भरायचे. बदल्यात सरकार दोन गोष्टी देणार: मैदानात चरायला कुरण आणि तिथवर जायला वाट. मोठ्या वाटेची रुंदी ठरलेली होती, साठ नापोली पावलं. आजच्या मापात साधारण १११ मीटर.

हा आकडा वाचून स्क्रोल करू नका. १११ मीटर म्हणजे फुटबॉलचं अख्खं मैदान आडवं टाकलं तरी बाजूला जागा उरते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेच्या सहाच्या सहा लेन त्यात आरामात मावतील. रस्ता एवढा रुंद कशाला लागतो? कारण तो रस्ता नव्हताच. मेंढरू चालता चालता खातं. हजारो मेंढरांना पंधरा दिवस चालवायचं तर त्यांचं जेवण वाटेतच उगवलेलं पाहिजे. त्रात्तूरो हे डोंगरापासून मैदानापर्यंत पसरलेलं, दोनशे किलोमीटर लांबीचं एकच कुरण आहे. फक्त ते दोन गावांना जोडतं, म्हणून आपल्याला रस्ता वाटतं.

आता ती फाईल उघडा. काय आहे तिच्यात? बिंदू, बिंदू, बिंदू, त्यांना जोडणारी निळी रेघ. रेघेला लांबी असते, रुंदी नसते. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ वस्तू पॉलिगॉन आहे आणि आपण ती पॉलिलाईन म्हणून साठवली. डेटा मॉडेल चुकलं की पुढचं सगळं चुकतं, हे दोन वर्षं नोकरी केलेल्या कुठल्याही पोराला विचारा. रेघ वाचवायची म्हटली तर एक मीटरची पायवाट पुरते. बाजूच्या एकशे दहा मीटरचं काय, हा प्रश्न त्या मॉडेलमध्ये विचारताच येत नाही.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? सायकलला मीटरभर वाट बस झाली. नाही होत, आणि हे मला कुणी पुस्तकातून सांगितलं नाही, एका घोडीने सांगितलं.

आमच्या त्या छोट्या टोळीत तीन सायकली आणि दोन घोडी होत्या. वाट दाखवणारी बाई एका घोडीवर. निघण्याआधी तिने नियम सांगितले: घोड्याला नेहमी वाट द्यायची, मागून येताना तोंडाने बोलत यायचं म्हणजे जनावराला कळतं की येणारं माणूस आहे, चढावर भेट झाली तर सायकल उताराच्या बाजूला घ्यायची, फ्रीव्हीलची टिकटिक बंद. सगळं मान्य. पण एका जागी झुडपं वाढून वाट खरोखरच मीटरभर उरली होती. माझ्या मागच्याने ब्रेक दाबला, डिस्क किंचाळली, आणि पुढची घोडी अशी वळली की माझ्या हँडलबारला तिचा खुर लागला. कुणाला काही झालं नाही. घोडीला मात्र पुढचा अर्धा तास माझ्याबद्दल शंका होती आणि ती रास्त होती.

पुढे झुडपं संपली आणि त्रात्तूरोची खरी रुंदी उघडली. डाव्या हाताला मातेझेचे डोंगर, समोर गुडघाभर गवत, त्यात पिवळी-पांढरी फुलं. घोड्या एका अंगाने गेल्या, आम्ही चाळीस मीटर लांबून दुसऱ्या अंगाने. नियमांची गरजच उरली नाही. जगभर सायकलवाले आणि घोडेवाले ट्रेलवरून भांडतात. एकमेकांविरुद्ध बोर्ड लावतात, तक्रारी करतात. बरीचशी भांडणं स्वभावाची नसतात, रुंदीची असतात. दोघांना एका रेघेवर कोंबायचं आणि मग त्यांना शिष्टाचार शिकवायचा, हा धंदा आहे.

आता 'अनटच्ड नेचर'. सेपीनोजवळ आल्तीलिया नावाची जागा आहे, सेपिनुम या रोमन गावाचे अवशेष. त्रात्तूरो या गावाच्या शेजारून जात नाही, सरळ आतून जातो. बोयानो दरवाजातून शिरायचं, गावचा मुख्य रस्ता तोच, आणि बेनेव्हेन्तो दरवाजातून बाहेर. रोमन नाट्यगृहाच्या गोलाईला चिकटून नंतरच्या शेतकऱ्यांनी घरं बांधली आहेत, नाट्यगृहाचीच गोलाई धरून. बोयानो दरवाजावर एक लेख कोरलेला आहे, इसवी सन १७० च्या आसपासचा, मार्कस ऑरेलियसच्या काळातला. मला वाटलं कुणा देवाची किंवा सम्राटाची स्तुती असेल. ती तक्रार निघाली. सम्राटाच्या मालकीची मेंढरं सांभाळणारे ठेकेदार सांगतायत की या वाटेने जाताना सेपिनुमचे अधिकारी आणि शिपाई आमच्या मेंढपाळांना अडवतात, तुम्ही पळालेले गुलाम आहात म्हणतात, जनावरं चोरलेली आहेत म्हणतात, आणि या गोंधळात मेंढरं गायब होतात. मग रोमहून गावच्या अधिकाऱ्यांना पत्र आलं, हे बंद करा नाहीतर चौकशी होईल. ते पत्र, त्याआधीच्या पत्रव्यवहारासकट, दगडात कोरून वेशीवर लावलं. अख्खा ईमेल थ्रेड, आणि तो सार्वजनिक.

अठराशे वर्षांपूर्वी फिरता माणूस गावात शिरला की पहिला संशय 'चोर'. हे वाचायला मला भाषांतर लागलं, पण समजायला लागलं नाही. त्याकडे पुढे येतो.

तर या वाटेवर अनटच्ड काहीही नाही. तिथलं गवत मेंढ्यांनी खाऊन खाऊन राखलेलं आहे. मेंढरू थांबलं की तीन-चार पावसाळ्यांत काटेरी झुडूप येतं, मग ओक. रुंदी तर त्याहून कष्टाने राखली गेली. शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगराचं एक तास आत सरकवणार, हे जगात कुठेही होतं. म्हणून दोगाना अधूनमधून सगळ्या वाटा पुन्हा मोजायची. याला त्यांचा शब्द रेइन्तेग्रा, म्हणजे परत अखंड करणं. १६५१-५२ च्या सुमारास एत्तोरे कापेचेलात्रो नावाच्या अधिकाऱ्याने केलेली मोजणी प्रसिद्ध आहे, तिचे नकाशे अजून आहेत. मोजायचं, अतिक्रमण काढायचं, हद्दीचे दगड पुन्हा रोवायचे. काही दगडांवर 'आर टी' ही अक्षरं अजून दिसतात, रेजिओ त्रात्तूरो, राजाची वाट. आम्हाला एक दिसला. त्याला कुणीतरी लाल-पांढरा पट्टा मारून ट्रेलची खूण केली होती. हद्दीचा दगड दिशादर्शक झाला! माझा सगळा राग त्या एका दगडात मावतो. जो दगड सांगत होता की 'यांची जमीन इथवर', तो आता सांगतो, 'तुम्ही इकडून जा'.

इथे एक कबुली. मी मेंढपाळांचं सुवर्णयुग वगैरे विकत नाहीये. दोगाना हे पैसे उकळणारं यंत्र होतं. मैदानातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांसमोरची चांगली जमीन नांगरायला बंदी, कारण ती मेंढ्यांची. आठ-दहा वर्षांची पोरं कळपामागे जायची आणि घर महिनोन्‌महिने दिसायचं नाही. खोटेपणाही भरपूर. कुरण मेंढ्यांच्या संख्येवर मिळत असल्यामुळे एका काळात लोक नसलेल्या मेंढ्या नोंदवायचे, जादा पैसे भरून. फेक युजर्स दाखवून सर्व्हर क्षमता मागणाऱ्या स्टार्टअप्सनी उगाच आपण काही नवीन शोधलं असं समजू नये. १८०६ साली नेपोलियनच्या भावाच्या राजवटीत दोगाना बंद झाली, मैदान गव्हाखाली गेलं, आणि ते गेल्याचं मला दुःख नाही. त्या यंत्रातली एकच गोष्ट मला हवी आहे: वाटेला रुंदी असते आणि ती मोजून राखायची असते, हे सरकारने मान्य करणं.

त्यानंतर काय झालं ते पटकन सांगतो. मेंढ्या रेल्वेने जायला लागल्या, मग ट्रकने. वाटांवर डांबरी रस्ते आले, शेतं आली, गोदामं आली. १९७६ साली इटलीच्या सरकारने मोलिझे प्रांतातले त्रात्तूरो कायद्याने संरक्षित केले, नंतर शेजारच्या प्रांतांतलेही. कशाखाली? पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वस्तू म्हणून. २०१९ साली युनेस्कोने या हंगामी स्थलांतराला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, इटली, ऑस्ट्रिया आणि ग्रीस यांच्या अर्जावरून. म्हणजे वाट पुरातत्त्वात, चालणं अमूर्तात. दोन्ही यादीत आहेत आणि जिवंत मेंढरू मधल्यामध्ये कुठेच नाही. फ्रोसोलोने गावचं एक कुटुंब पूल्याहून सुमारे १८० किलोमीटर घोड्यांवरून गाई हाकत आणायचं, मे महिन्याच्या शेवटी, त्याचे व्हिडिओ बघा. पुढे गाई, आजूबाजूला घोडेस्वार, मागे मोबाईल धरलेले आमच्यासारखे. मला ते बघताना आनंदही झाला आणि थोडी लाजही वाटली.

'मग टुरिझमच वाचवेल ना? मेंढ्या गेल्या, सायकली आल्या, वापर राहिला म्हणजे वाट राहिली.' हा युक्तिवाद ऐकायला इतका समंजस आहे की मीही तो वर्षभर केला. मोलिझेची अवस्थाही तशी आहे. गावं रिकामी झाली आहेत. खुद्द इटालियन लोक 'मोलिझे अस्तित्वातच नाही' असा विनोद करतात. २०१९ साली प्रांताने जाहीर केलं की दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावात राहायला या, काहीतरी धंदा सुरू करा, महिना ७०० युरो देतो, तीन वर्षं. (आमच्या टीममध्ये त्या बातमीवर एक अख्खा लंच गेला होता. कुणीही गेलं नाही.) अशा ठिकाणी सायकलवाला येऊन कॉफी पितो, खोली घेतो, हे चांगलंच आहे. पण सायकलवाल्याला मीटरभर लागतं. त्याच्यासाठी उरलेले एकशे दहा मीटर राखायचं कारण कुणाकडेच राहत नाही, ना प्रांताकडे ना शेजारच्या शेतकऱ्याकडे. उद्या तिथे दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण घालून मधे सुंदर ग्रॅव्हल टाकली, बोर्ड लावला, ई-बाइकचं चार्जिंग दिलं, तर आपला ग्रुप पाच स्टार देईल. आणि त्या दिवशी त्रात्तूरो मेलेला असेल.

म्हणून माझं म्हणणं आहे की ट्रेलवाल्यांनी, म्हणजे आपण, उलटी मागणी करायला हवी. आम्हाला वाट नको, रुंदी हवी. आमच्यासाठी ग्रॅव्हल नको, मेंढ्यांसाठी गवत ठेवा, आम्ही कडेने जाऊ. नकाशा बनवणाऱ्यांनो, रेघेसोबत पट्टाही काढा, हद्दीचे दगड टाका. आणि कळप समोर आला तर सायकलवरून उतरा.

उतरणं हे काव्य नाही. तिथे मेंढरांबरोबर पांढरे, मोठे मारेम्मानो-आब्रुत्सेझे कुत्रे असतात, लांडग्यांशी लढायला वाढवलेले. ते मेंढपाळाजवळ नसतात, कळपात मेंढ्यांसारखे पडून असतात. आम्ही एका चढावर पोचलो तर चार 'मेंढ्या' उठून भुंकत आमच्याकडे निघाल्या. गाईड बाई शांतपणे म्हणाली, उतरा, सायकल तुमच्या आणि त्यांच्या मधे धरा, पळू नका, डोळ्यांत बघू नका, कळपाला लांबून वळसा घ्या. आम्ही शंभर मीटरचा वळसा घेतला. घेता आला, कारण शंभर मीटर होते.

पलीकडे मेंढपाळ बसला होता. पारंपरिक इटालियन मेंढपाळ म्हणून फोटो काढावा असा चेहरा. तो रुमानियाचा निघाला. तिथले कळप सांभाळायला आता बरेचदा रुमानियाची नाहीतर मॅसेडोनियाची माणसं असतात. मला बघून त्याने विचारलं, पंजाबी का? इटलीत गाईंच्या गोठ्यांवर काम करणारे भारतीय बहुतेक पंजाबी, म्हणून. मी नाही म्हटलं, महाराष्ट्र, त्याला ते नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. मग त्याने बाईमार्फत विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या चालत जातात की ट्रकने?

चालत, म्हटलं. आमच्याकडे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परत येतात, सामान घोड्यांवर. छोटे घोडे, भीमथडी. त्याला घोड्यांचं फार कौतुक वाटलं. पुढचा प्रश्न त्याने सहज विचारला: मग त्यांची वाट केवढी रुंद आहे?

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर मला माहीत होतं.

आमचं गाव फलटण तालुक्यातलं. शेताच्या कडेने पाणंद होती. आजोबांच्या काळात दिवाळीनंतर कळप त्या पाणंदीने यायचे, दोन-तीन रात्री आमच्या रानात मेंढरं बसवायचे, लेंडीखत पडायचं, बदल्यात आजोबा ज्वारी द्यायचे. मी लहानपणी त्यांच्या घोड्यावर बसलोय. पुढे ठिबक आलं, डाळिंब आलं, रासायनिक खत आलं. मेंढरं नकोशी झाली, चोरी झाली की पहिलं नाव त्यांचं निघायला लागलं (सेपिनुमचा दगड आठवा). मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना अण्णांनी कुंपण घातलं. तारेच्या पैशात माझ्या पहिल्या इंटर्नशिपचा स्टायपेंड आहे. कुंपण पाणंदीच्या निम्म्यात आहे. उरलेल्या निम्म्यात समोरच्यांचं कुंपण आहे. मध्ये एक मोटरसायकल जाते. म्हणजे मीटरभर.

कळप आता राज्य महामार्गाने जातात. दोन वर्षांपूर्वी पहाटे ट्रक घुसला, चार मेंढ्या गेल्या. गावाच्या ग्रुपवर फोटो आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'हे लोक रस्ता अडवतात.'

सेपीनोहून परत आल्यावर रात्री मी अण्णांना फोन केला. आधी इकडचं तिकडचं, मग म्हटलं, अण्णा, आपली पाणंद मूळची किती फूट होती हो?

अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुला इटलीत बसून पाणंद कशाला आठवली रे?"

मी त्यांना मेंढ्यांचं, १११ मीटरचं, दगडांचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. अण्णा ऐकतात. शेवटी म्हणाले, "सरकारने मोजून ठेवली होती ना तिकडं? मग हिकडं पण मोजू दे सरकारला. पण वर्षातनं दोनदा येणाऱ्यांसाठी मी चार गुंठे पड ठेवायची, आणि समोरच्याने नाही ठेवायची, असं कसं चालेल?"

त्यांचा मुद्दा बिनतोड आहे आणि मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. राजाला सापडलं होतं, पण त्याच्याकडे शिपाई होते. आपल्याकडे गाव नकाशा आहे, त्यावर पाणंदी तुटक रेषांनी काढलेल्या असतात, आणि त्या मोकळ्या करायच्या सरकारी मोहिमा अधूनमधून निघतात. मोहीम येते तेव्हा ती ट्रॅक्टरसाठी येते. अर्जात 'मेंढरांसाठी' असं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दिवाळीला गावी जातोय. गाव नकाशाच्या नकलेसाठी अर्ज टाकलाय, त्यात कारणाच्या रकान्यात तेच लिहिलंय. पन्नास मीटरचा टेप ऑनलाइन मागवलाय, पार्सल पुण्याच्या पत्त्यावर येईल. समोरच्यांचा मुलगा शाळेत माझ्या वर्गात होता, त्याच्याशी बोललोय, टेपचं दुसरं टोक तो धरणार आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.